पत्र्याखालची रेघ

सुरतेत मी उंची बघायचं काम करायचे असं सांगितलं की माणसं माझ्याकडे दया आल्यासारखी बघतात. सुरतेत कसली आलीय उंची? उड्डाणपूल सोडले तर इथे सायकलवाल्याला पायडलवर उभं राहावं लागत नाही. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य संचाखात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवण्यात गेलं. त्याने तर माझं नावच ठेवलं होतं, नसलेले डोंगर मोजणारी. मी म्हणायचे, अहो, डोंगर कुणालाही दिसतो. हातभर उतार दिसायला डोळा लागतो. तो हसायचा आणि झोपायचा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

धंदा समजायला अवघड नाही. कुणाच्या तरी खिशात किंवा गाडीत मोबाइल असतो. तो दर थोड्या वेळाने आपण कुठे आहोत ते टिपून ठेवतो. अशा ठिपक्यांची माळ म्हणजे ट्रॅक. आम्ही तो नकाशा दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. रस्ता चुकीचा काढला असेल तर ओढून जागेवर आणतो, नवी गल्ली पडली असेल तर घालतो. पण प्रत्येक ठिपक्यात उंचीचाही आकडा असतो. एक बटण दाबलं की नकाशाखाली एक पट्टी उघडते. त्यात डावीकडून उजवीकडे कापलेलं अंतर आणि खालून वर उंची. पट्टीवर माउस सरकवला की वरच्या नकाशात त्या त्या जागी एक ठिपका पळतो. पुलावरून गेलेली गाडी आणि पुलाखालून गेलेली गाडी, दोघींची रेघ नकाशात एकच दिसते. कोण वरून गेली ते फक्त ही पट्टी सांगते. कतारगामच्या आमच्या ऑफिसात बाकीच्या मुली पट्टी बंद करून ठेवायच्या, जागा अडवते म्हणून. माझी कायम उघडी असायची.

ही पट्टी खोटं बोलते, हेही पहिल्याच आठवड्यात शिकावं लागतं. हेतल आमच्याकडे नवीन लागली तेव्हा एका दुपारी खुर्चीतून उडालीच. "सुमनबेन, आपणुं आखुं सुरत दरियानी नीचे बतावे छे!" खरंच, सगळे आकडे उणे. पट्टीवर विश्वास ठेवला असता तर आम्ही सगळे समुद्रतळाशी बसून चहा पीत होतो. त्याचं असं असतं, की मोबाइल काही वेळा समुद्रापासून उंची मोजतच नाही. पृथ्वीचा एक गुळगुळीत, मनाने मानलेला गोळा असतो, तिथून मोजतो. आपल्याकडे तो गोळा समुद्राच्या पातळीच्या पन्नास-साठ मीटर वर येतो, म्हणून सुरत बुडते. तेवढी बेरीज केली की शहर पाण्यातून वर येतं. हेतलला मी ते करून दाखवलं, तरी त्या दिवशी ती जरा घाबरलेलीच होती.

दुसरा किस्सा एका हिऱ्याच्या व्यापाऱ्याचा. रविवारी सायकल चालवायचा. एकदा मोबाइल घेऊन तणतणत वर आला. "बेन, मारो साळो मारा करतां वधारे चड्यो, ए केवी रीते बने?" मेव्हणा त्याच्याबरोबर, त्याच रस्त्याने, कामरेजपर्यंत गेला होता आणि त्याच्या मोबाइलने मात्र दुप्पट चढ दाखवला होता. मी दोन्ही ट्रॅक उघडले. मेव्हणेबुवांच्या पट्टीवर एके ठिकाणी करवतीचे दात होते. नकाशात बघितलं तर तिथे लोच्याची, आमच्या वाफवलेल्या डाळीच्या न्याहारीची, लारी. माणूस एका जागी उभा असला तरी मोबाइलची उंची थोडी वर, थोडी खाली हलत राहते, आणि सॉफ्टवेअर तो प्रत्येक वर-खाली चढ म्हणून बेरजेत धरतं. मेव्हण्याने उभ्या उभ्या लोचो खाल्ला आणि टेकडी चढला. व्यापारी इतका खूश झाला की त्याने ती पट्टी कागदावर छापून मागितली. त्या घरात पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

हे असे किस्से सांगायला मला आवडतात. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण मी हे लिहायला बसले ते एका वेगळ्याच दिवसामुळे.

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे. आमच्या गल्लीत धुळे-जळगावकडची घरं, घरात अहिराणी, बाहेर हिंदी-गुजराती. शेजारी धुरपामाय आणि तिचा मुलगा भटू. भटू शटल, म्हणजे शेअर, रिक्षा चालवतो. स्वभावाने गरीब, पण वाद घालायला पुढे. त्याच्या रिक्षात मी वर्षानुवर्षं बसले. गल्ल्यांचे ट्रॅक हवे होते तेव्हा मी त्याच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं आणि सांगितलं, रिक्षा सुरू केलीस की हेही सुरू करायचं. तो कधी विसरला नाही. आमचा सगळा भाग त्याच्या चाकांनी पुन्हा पुन्हा गिरवलेला माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. धुरपामायची किडनी गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि हॉस्पिटल रेल्वेलाइनच्या पलीकडे.

त्या वर्षी खाडीला पूर आला. आमच्याकडे खाडीपूर म्हणजे घरावर ऊन पडलेलं असताना दारात पाणी. पाऊस वर कुठेतरी पडतो, खाडी फुगते, आणि पाणी गटारांतून उलटं चढून गल्ल्यांत येतं. मी आदल्या संध्याकाळी मुलीकडे कतारगामला अडकले होते, म्हणून सकाळी थेट ऑफिसला गेले. तिथे कोरडं ठाक. हेतल आली होती, आणि आमचे मालक जिग्नेशभाई. तेवढ्यात भटूचा फोन आला.

"जयभीम ताई. मायले दम लागी ऱ्हायना."

"काय व्हयनं?"

"कालदिन डायलिसिस चुकनं. पानी व्हतं, जाताच उनं नही. आज पाय सुजी गयात, आडवं पडता येत नही. आज नही गयं तं..."

मागून मला तिचा श्वास ऐकू येत होता. बायका दळताना जसा घशातून आवाज काढतात तसा, पण थांबत नव्हता. मी विचारलं, बोट? त्याने सांगितलं, अग्निशमनवाल्यांना फोन केला, त्यांनी नाव लिहून घेतलं, पण आधी तळमजल्यावरची लेकरं काढताहेत. त्यांचंही चुकत नव्हतं.

"पानी कितलं शे?"

"आपली गल्लीमां घोटालगून. मोठा रस्तावर कंबरलगून. गरनाळा तं पुरा भरी गया."

गरनाळा म्हणजे रेल्वेखालचा बोगदा. तो दर पावसाळ्यात पहिला भरतो, त्याची कुणी आशाच धरत नाही. उरला उड्डाणपूल. पुलाच्या तोंडापर्यंत रिक्षा पोचली की पुढे रस्ता मोकळा होता. मोठा रस्ता बंद, म्हणजे आतल्या गल्ल्यांतून जायला हवं. आणि रिक्षाच्या इंजिनात पाणी शिरायला फार खोल लागत नाही. ती मध्येच बंद पडली तर धुरपामायला खांद्यावर घेऊन माघारी यायचं, आणि मग काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तुमनाकडे मन्हा सगळा ट्रॅक शेतस ना?" भटू म्हणाला. "देखा ना ताई, कोनती गल्ली वर शे. तुम्ही सांगशात तठून जास."

मी म्हटलं, थांब, फोन करते. जिग्नेशभाई मागे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हळूच म्हणाले, "सुमनबेन, आपणे नकाशो बनावीए छीए, रस्तो नथी बतावता. कांई थई जाय तो?" मी तोंड उघडणार होते, भांडणारच होते, पण त्यांचं चुकीचं कुठे होतं? मी ट्रॅक उघडायला लागले. त्यांनी मला अडवलं नाही. बाजूच्या टेबलावर जाऊन ते अग्निशमनवाल्यांना फोन लावत बसले, लागत नव्हता तरी लावत राहिले.

इथे वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. मोबाइलच्या उंचीत माणूसभर चूक सहज असते. मला शोधायचा होता फूट-दोन फुटांचा फरक. पण ही चूक बहुतेक वेळा सगळ्या रस्ताभर सारखीच चालत येते. म्हणजे आकडा खोटा असला तरी कुठे चढलो, कुठे उतरलो हे पुष्कळसं खरं असतं. आणि एकाच रस्त्याचे खूप ट्रॅक असले, एकावर एक ठेवले, की खऱ्याच्या आणखी जवळ जाता येतं. जवळ जाता येतं, एवढंच. खरं कळतं असं नाही.

हेतलचे हात माझ्यापेक्षा वेगाने चालतात. तिने ट्रॅक एकावर एक चढवले आणि ओरडली, "सुमनबेन, आ जुओ! एकदम सीधी लाइन!" आमच्या मागची पत्र्याची गल्ली. दोन्ही बाजूंना लूमची संचाखाती, त्यांनी आपापले पत्रे इतके पुढे काढलेत की गल्लीवर छप्परच झालंय. पुलाला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता तो. मोठा रस्ता खोदला होता तेव्हा भटू तिथूनच ये-जा करायचा. पट्टीवर ती गल्ली इस्त्री केल्यासारखी दिसत होती, ना चढ ना उतार.

मला ती रेघ आवडली नाही. रस्ता कितीही सपाट असो, मोबाइलच्या पट्टीवर तो थोडा थरथरतोच. मी रेघ लपवून नुसते ठिपके दाखवले. पत्र्याच्या आधी ठिपके होते, पत्र्यानंतर होते, मध्ये एकही नव्हता. पत्र्याखाली मोबाइलला आकाश दिसलं नाही, त्याने काही टिपलंच नाही, आणि सॉफ्टवेअरने आपलं या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून टाकली. सगळ्या ट्रॅकमध्ये तसंच. हेतलचा चेहरा उतरला. त्या गल्लीचं आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि जे काहीच नव्हतं ते पडद्यावर सगळ्यात चांगलं दिसत होतं.

मी भटूला फोन लावला. रिक्षाचा आवाज आला.

"निंघनू ताई. मायना जीव घाबरी ऱ्हायना, थांबता येत नही. पत्रानी गल्लीथून जास."

"थांब! गाडी थांबाड!"

"ती सपाट शे ताई. मी रोज जायेल शे."

"भटू, तुले आण शे. पत्राना तोंडशी थांब."

त्याने थांबवली, पण चिडला. मागून दोघं-तिघं ओरडत होते, जा रे, जा, पाणी वाढतंय. मला कळत नव्हतं त्याला काय विचारावं. रोज जाणाऱ्याला रस्ता सपाटच वाटतो. मग मला त्याची एक खोड आठवली, जिच्यावरून मी त्याच्याशी कायम भांडायचे. ही शटलवाली पोरं गॅस वाचवायला उतार लागला की गाडी न्यूट्रल करतात आणि सोडून देतात. मागे बसलेल्याच्या जिवाचं पाणी होतं. इतका बारीक उतार, की पायी चालताना कळणार नाही, पण यांचा हात आपोआप जातो.

मी विचारलं, "पत्रा लागना का तू न्यूट्रल करस का?"

आपण काय करतो हे त्याने कधी बघितलंच नसावं.

"करस," तो म्हणाला. "पत्रा लागताच करस."

"मंग? कथालगून जास गाडी?"

"खातानं फाटक शे ना, तठलगून. मंग..." त्याचा आवाज बारीक झाला. "मंग दुसरा गिअर टाकना पडस."

म्हणजे पत्र्याखाली उतार होता, आणि फाटकापाशी खळगा. सपाट रेघेच्या पोटात. मी म्हटलं, मागे फिर.

मागे फिरून जायचं कुठे? पट्टीवर एकच जागा सलग उठलेली दिसत होती, खाडीचा जुना पाळा, म्हणजे मातीचा बांध. त्यावर आता रस्ता झालाय आणि वस्तीही. भटूचे तिथले ट्रॅक भरपूर होते, उघड्या आकाशाखालचे, आणि सगळ्यांत तो पाळा आमच्या गल्लीपेक्षा वर दिसत होता. कमरेएवढा वर. पाळ्यावरून गेलं की लांबून वळसा घालून पुलाच्या तोंडाशी निघता येतं. फक्त त्यासाठी आधी खाडीकडे जायला हवं होतं, जिच्यातून पाणी येत होतं तिच्याकडेच.

"खाडीकडे?" भटू ओरडला. "ताई, येडी व्हयनी का तू?" घाबरला की तो मला अगंतुगं करतो. मागे लोकही ओरडायला लागले, खाडीकडे कोण जातं, आईला मारतोस का.

मी सांगत होते, पाणी पाळ्यावरून येत नाही, गटारातून येतंय, पाळा वर आहे. पण पाळा वर आहे म्हणजे पट्टी म्हणते. त्या वेळी त्या पाळ्यावर पाणी चढलं होतं की नाही, मला कतारगाममधून काय दिसणार? माझा फरक कमरेएवढा, आणि माझ्या मापातली चूक त्याहून मोठी असू शकते. हे मला माहीत होतं, हेतलला माहीत होतं. भटूला माहीत नव्हतं. मी त्याला ते सांगितलं असतं तर तो जागचा हलला नसता. मी म्हटलं, "जाय. पाळावरथून जाय."

फोनवर धुरपामायचा आवाज आला, दमाने तुटलेला. "चाल रे. काय उभा ऱ्हायना? चाल."

रिक्षा सुरू झाल्याचं ऐकलं. पाळ्यावर चढायच्या आधी एक खोलगट तुकडा लागतो, तो पट्टीवरही दिसत होता. मी ओरडून सांगितलं, तिथे तिला रिक्षात बसवून नेऊ नका. गल्लीतल्या माणसांनी कापडाचे ताके वाहायची हातलारी आणली, धुरपामायला तिच्यावर बसवलं, आणि रिकामी रिक्षा चौघांनी मागून धरून ढकलली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला नुसती पाण्याची खळबळ ऐकू आली, आणि फोन बंद पडला.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला थोडी लाज वाटते. मी पट्टीवर माउस धरला आणि हळूहळू पुढे सरकवायला लागले. इथे असतील. आता इथे. नकाशावर ठिपका पाळ्यावरून चालत होता, जशी रिक्षा चालेल तसा, वस्तीपाशी जरा दम घेत, वळणावर सावकाश. पुलाच्या तोंडाशी ठिपका पोचला आणि फोन आला नाही. मी ठिपका मागे नेला, पुन्हा खोलगट तुकड्यापासून सुरू केलं, अजून हळू. हेतलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जिग्नेशभाई फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते. भटूला लावला की तीच बाई सांगायची, ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहे. तिसऱ्यांदा ठिपका न्यायला माझ्यात जोर उरला नव्हता. मी डोळे मिटून बसले आणि मनात धुरपामायच्या नातवंडांना काय सांगायचं ते जुळवत राहिले.

फोन वाजला तेव्हा हेतलने उचलून माझ्या कानाशी धरला.

"पुलवर शेतस," भटू म्हणाला. "ताई, आम्ही पुलवर शेतस."

मी रडले. मोठ्याने, ऑफिसात, सगळ्यांसमोर. जिग्नेशभाईंनी मला पाणी आणून दिलं आणि खाली निघून गेले. हॉस्पिटलात तिला लगेच मशीनला लावलं.

पाणी ओसरल्यावर मी दोन्हीकडे जाऊन आले. पत्र्याच्या गल्लीत फाटकापाशी भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या छातीच्या वर. ते बघून मला अभिमान वाटला, नाही म्हणत नाही. मग पाळ्यावर गेले. तिथेही रेघ होती. पाळ्याच्या उतारावरच्या दगडावर, वरच्या रस्त्याच्या वीतभर खाली. कमरेएवढा नव्हे, वीतभर. मी तिथेच खाली बसले. आमची गल्ली मला "जीव वाचवणारी" म्हणायला लागली होती, पाऊस दिसला की बायका विचारायला यायच्या, सुमनताई, कोणती गल्ली वर आहे? मी सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तो दगड डोळ्यांसमोर यायचा. हेतलने ऑफिसात नियम करून घेतला की जिथे ठिपके नाहीत तिथली रेघ तुटकच दिसली पाहिजे. तो नियम अजून चालू आहे. माझं मात्र मन त्यात लागेना. वय झालंच होतं, मी काम सोडलं.

सोडल्यावर एक दिवस धुरपामायकडे गेले. ती डायलिसिसहून येऊन खाटेवर पडली होती. भटू नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. मला खात्री नव्हती, मापात चूक होती, वीतभराने वाचलीस, मी भटूला ते सांगितलं नाही. तुझा जीव मी अंदाजावर लावला. बोलता बोलता मी पदराने डोळे पुसत होते.

ती म्हणाली, "तू काय सांगी ऱ्हायंती ते मी ऐकंच नही, माय. तुना नकाशा मले काय समजस?"

"मंग ‘चाल’ का बरं म्हनी?"

"खाटवर बठी बठी मरानं नव्हतं मले. खाले पानी, वर मी, आनं पोऱ्या मन्हा तोंडकडे देखी ऱ्हायना." तिने कूस बदलली. "इकडे नही तं तिकडे, जावानं व्हतं. तू नसती सांगं तरी जाती. आते रडू नको, चहा मांड."

इतके महिने मी उराशी धरून बसलेलं ओझं तिने असं खाटेखाली सरकवून दिलं. मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. मी उठले आणि चहा ठेवला. तिला पाणी मोजूनच द्यावं लागतं, म्हणून तिच्यासाठी अर्धा कप.